एक फ्रेम की शंभर? हिवाळी आकाशाच्या फोटोंचा जुना वाद

मृगातल्या तेजोमेघाचा पहिला फोटो १८८० सालचा, अमेरिकेत ५१ मिनिटांच्या एक्स्पोजरने घेतलेला. पुढची बरीच वर्षं हे काम वेधशाळांचंच राहिलं. आपल्याकडे हौशी मंडळींनी ते रोलच्या कॅमेऱ्यावर उचललं आणि तेही मुख्यतः हिवाळ्यापुरतं, कारण पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात.

मंद उजेडात फिल्म सुस्तावते. दुप्पट वेळ दिला म्हणून दुप्पट उजेड उमटत नाही. त्यात आकाश तासाला १५ अंश सरकतं. मग वांगणीच्या माळावर बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, वरच्या फळीवर कॅमेरा, बिजागरी ध्रुवाच्या रोखाने आणि कॅमेरा आकाशाबरोबर वळावा म्हणून घड्याळाकडे बघत मिनिटाला एक फेरा फिरवायचा बोल्ट. बोटं गारठली की फेरा चुके, तारे अळीसारखे लांबट येत आणि रोल धुऊन आल्याशिवाय ते कळतही नसे.

डिजिटल आल्यावर थंडी मदतीला आली. सेन्सर साधारण ६ अंशांनी गार झाला की त्याचा स्वतःचा 'अंधारातला' प्रवाह, म्हणजे उजेड नसतानाही उष्णतेने त्यात तयार होणारा आणि फोटोत खरखर आणणारा विद्युतप्रवाह, निम्मा होतो. (बॅटरी मात्र लवकर बसते, जादाची खिशात, उबेला ठेवायची.)

खरं भांडण लागलं ते स्टॅकिंगवरून, म्हणजे अनेक फ्रेमचा मिळून एक फोटो करण्यावरून. शंभर छोट्या फ्रेम एकमेकींवर बसवल्या की उजेडाच्या तुलनेत खरखर दहापटीने कमी होते. 'एका क्लिकचा नाही तो फोटोच नाही' असं म्हणत काही स्पर्धांनी असे फोटो बाद केले. घोळ 'कॉम्पोझिट', म्हणजे एकाहून जास्त फोटोंतून जोडलेला फोटो, या शब्दाचा. शंभर फ्रेममध्ये आकाश तेच, रात्र तीच. पण किल्ला एका संध्याकाळचा आणि वर चिकटवलेली आकाशगंगा भलत्याच महिन्यातली, यालाही लोक कॉम्पोझिटच म्हणतात. डिसेंबरच्या मध्यरात्री धनु राशीतला आकाशगंगेचा गाभा किल्ल्यावर दिसला, तर फोटो बनावट. तेव्हा सूर्यच त्या बाजूला असतो. या दोन्ही प्रकारांना एकाच नियमाने बाद करणं म्हणजे आंधळेपणा होता.

जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पात देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे दिव्यांच्या उजेडापासून रात्रीचं आकाश राखलेली जागा, जाहीर झालं. तिथल्या गावांत रस्त्यावरचे दिवे बदलून जमिनीकडे तोंड करून लावलेत, त्यामुळे हौशींची नवी फळी तिकडे वळते आहे. यातल्या अनेकांकडे फक्त मोबाइल असतो. २०१९ मध्येच एका कंपनीने फोनमध्ये १६-१६ सेकंदांच्या १५ फ्रेम आपोआप एकत्र करायची सोय दिली होती. बटण एकदाच दाबायचं असतं, म्हणून त्याला कुणी स्टॅकिंग म्हणत नाही.