ठिणगीची वेळ आणि नॉकिंग: शंभर वर्षांची पार्श्वभूमी

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या वर गेला की टर्बो पेट्रोल गाड्यांच्या तक्रारी सुरू होतात. वर्धा रोडवर ओव्हरटेकला पाय दाबला तरी गाडी ओढत नाही, आणि रिमॅप केलेली (ताकद वाढवायला इंजिनच्या संगणकातली सेटिंग्ज बदललेली) असेल तर खडखडतेही. दोष बहुतेकदा पेट्रोल पंपावर ढकलला जातो. पण हे प्रकरण पंपापेक्षा फार जुनं आहे.

पेट्रोल एका क्षणात जळून जात नाही. ज्वाला सिलिंडरभर पसरायला वेळ लागतो, आणि ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोचण्याआधीच ठिणगी टाकावी लागते. फोर्ड मॉडेल टीमध्ये हा ॲडव्हान्स, म्हणजे ठिणगी किती अंश आधी टाकायची ते, चालक स्टिअरिंगजवळच्या दांडीने स्वतः ठरवायचा. पुढे डिस्ट्रिब्युटरमधली (प्लगांना ठिणगीची वीज वाटून देणाऱ्या भागातली) वजनं आणि व्हॅक्युम ते काम करू लागली. ॲडव्हान्स गरजेपेक्षा जास्त झाला की दाब आणि तापमान इतकं चढतं, की ज्वाला पोचायच्या आत कडेला उरलेलं मिश्रण आपोआप भडकतं. त्याच्या दाबलहरी भिंतींवर आदळतात, तीच नॉकिंग. ती जोरात आणि सतत झाली तर पिस्टनची कड झिजते, रिंगांमधली पट्टी तुटते.

उरलेल्या मिश्रणाचं हे भडकणं इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी ओळखलं. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांनी ९ डिसेंबर १९२१ रोजी त्यावर उपाय शोधला: टेट्राएथिल लेड. १९२३ मध्ये ते विकायला आलं. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या मिश्रणावरची दाबणी) वाढवता आलं, ताकद वाढली, आणि शिसं जगभरच्या हवेत गेलं. भारतात शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद व्हायला १ फेब्रुवारी २००० उजाडलं. मला सगळ्यात खटकतं ते हे, की अल्कोहोल नॉकिंग रोखतं हे मिजली यांना तेव्हाही माहीत होतं. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंग रोखण्याची क्षमता, ९५ आहे, ते इथेनॉल या अल्कोहोलच्याच जोरावर. (आयसोऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला शून्य धरणारी ही मोजपट्टी ग्रॅहॅम एडगर यांनी १९२० च्या दशकातच बसवली.)

खरं वळण आलं ते कान असलेल्या इंजिनांमुळे. ब्युइकने १९७८ च्या टर्बो व्ही-६ मध्ये नॉक सेन्सर लावला, साबने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला टर्बोचा बूस्टच (इंजिनात कोंबलेल्या हवेचा दाब) नॉकिंगनुसार कमी-जास्त केला. आज इंजिन ब्लॉकवर बसलेला पिझो (कंपनांचं विजेत रूपांतर करणारा) सेन्सर खडखड टिपतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, लगेच टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो. उन्हात गाडी मंदावते ती यामुळेच. टर्बोची हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून येणारी हवाच तापलेली असते, मिश्रण भडकण्याच्या काठावर असतं, आणि ईसीयू ताकद सोडून पिस्टन वाचवतो.

रिमॅप करणारे नेमकी हीच राखीव जागा खाऊन टाकतात. थंड हवेत बसवलेला ॲडव्हान्स इथल्या दुपारी चालणार नाही. ट्यूनिंग करून घ्यायचंच असेल, तर लॉगिंग (चालत्या इंजिनच्या आकड्यांची नोंद) मे महिन्यात भर दुपारी, लांब पूर्ण थ्रॉटलवर करून घ्या आणि कोणत्या सिलिंडरचं टायमिंग किती अंश मागे गेलं ते ट्यूनरकडून लेखी मागा.