मेट्रो सुरू झाली, सरकार गेलं

घाटकोपर-वर्सोवा मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात मी आईला घेऊन गेले होते. एरवी घाटकोपरहून अंधेरी गाठायची म्हणजे बसमध्ये जीव मेटाकुटीला यायचा. मेट्रोने अख्खा ११.४ किलोमीटरचा मार्ग २१ मिनिटांत संपला. डब्यातली अनोळखी माणसं एकमेकांशी बोलत होती, खाली तुंबलेली वाहतूक बोट करून दाखवत होती. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि काँग्रेस-राष्ट्रवादीची सत्ता गेली. मुंबईतल्या ३६ जागांपैकी काँग्रेसला ५ मिळाल्या, राष्ट्रवादीला एकही नाही.

मेट्रो काही एकटी नव्हती. जून २०१३ मध्ये ईस्टर्न फ्रीवे खुला झाला होता, फेब्रुवारी २०१४ मध्ये मोनोरेल धावली, एप्रिलमध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता सुरू झाला. तरी मे महिन्यात मुंबईतल्या लोकसभेच्या सहाही जागा या आघाडीच्या हातून निसटल्या होत्या. एका निकालामागे कारणं अनेक असतात: १५ वर्षांची सत्ता, देशभरातली लाट, ऐन वेळी तुटलेली युती आणि तुटलेली आघाडी. पण दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूचंही हेच झालं होतं. २००४ मध्ये केंद्रातल्या वाजपेयी सरकारने ‘इंडिया शायनिंग’ म्हणत मुदतीआधी निवडणूक घेतली. भाजपला १३८ जागा मिळाल्या, काँग्रेसला १४५. मुंबईत सलग पाच वेळा निवडून आलेले पेट्रोलियममंत्री राम नाईक हरले, लोकसभेचे अध्यक्ष मनोहर जोशीही हरले. पक्ष कुठलाही असो, ‘बघा, आम्ही किती केलं’ हा प्रचार मतदाराच्या मनाला का लागत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी मानसशास्त्रात आहे.

सुरुवात भाजीच्या पिशवीपासून करू. रिकाम्या पिशवीत एक नारळ टाकला की हाताला लगेच कळतं. तोच नारळ दहा किलोंनी भरलेल्या पिशवीत टाका, फारसा जाणवत नाही. एकोणिसाव्या शतकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ अर्न्स्ट वेबर यांनी वजनांवर असेच प्रयोग केले आणि दाखवलं, की आपल्याला जाणवतो तो फरक, आणि तो आधीच्या वजनाच्या प्रमाणात जाणवतो. हा नियम ज्ञानेंद्रियांचा आहे, तो जसाच्या तसा मतपेटीला लावता येत नाही. पण १९७९ मध्ये डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या निर्णयांबद्दलही याच जातीची गोष्ट मांडली. आपण लाभ-हानी शून्यापासून मोजत नाही, मनात रुजलेल्या एका संदर्भबिंदूपासून मोजतो. आणि जेवढ्यास तेवढा लाभ असला तरी तोटा जास्त बोचतो; त्यांच्या पुढच्या मोजणीत सुमारे दुप्पट.

सत्तेवर असलेल्याची खरी अडचण ही, की हा बिंदू सरकतो. जूनमध्ये मेट्रोचं अप्रूप होतं. दिवाळीपर्यंत तीच मेट्रो रोजची झाली आणि बोलणं तिकिटाच्या रांगेवर आलं. हा कृतघ्नपणा आहे असं मला मुळीच वाटत नाही. नव्याची सवय होणं हा मेंदूचा गुणच आहे. नाहीतर प्रत्येक सकाळी नळाला पाणी आलं म्हणून आपण थक्क होऊन बसलो असतो. पण कार्यअहवालात पाच वर्षांची बेरीज असते आणि मतदार मोजतो तो कालपासून आजपर्यंतचा फरक. हे दोन हिशेब एकमेकांना भेटतच नाहीत.

शिवाय तोटा रोज समोर येतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये किरकोळ महागाईचा दर ११ टक्क्यांच्या वर होता आणि कांद्याने रडवलं होतं. लोकलने जाणाऱ्या माणसाला फ्रीवे दिसतो, लागत नाही. कांदा मात्र प्रत्येक घरात लागतो.

मग निवडणुकीच्या तोंडावर उद्घाटनांचा धडाका का? कारण मतदाराची स्मृती शेवटाकडे झुकलेली असते, हे सत्ताधाऱ्यांना अनुभवाने ठाऊक असतं, आणि ते चूक नाही. अँड्र्यू हीली आणि गॅब्रिएल लेंझ यांचा २०१४ मधला अमेरिकेतला अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो. लोकांना पूर्ण कारकीर्दच तोलायची असते, असं त्यांना आढळलं. पण चार वर्षांचा हिशेब डोक्यात जुळवणं जड जातं, म्हणून मन शेवटच्या वर्षाची अवस्था उचलतं आणि तिलाच पूर्ण काळाचं माप समजतं. तीच माहिती एकत्रित, सोप्या रूपात समोर ठेवली, तेव्हा हा झुकाव बराच ओसरला. म्हणजे दोष हेतूचा नाही, हिशेबाच्या अवघडपणाचा आहे. शेवटच्या वर्षात फीत कापली जाते हे खरं, पण त्याच वर्षात डाळ-कांद्याचे भाव चढले असतील तर शेवट म्हणून मनात तेही राहतात.

यावर प्रचारतज्ज्ञांचा ठरलेला उपाय म्हणजे आणखी फ्लेक्स, आणखी जाहिराती. जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड पेटी यांनी १९७९ मध्ये एकच म्हणणं लोकांना एकदा, तीनदा आणि पाचदा ऐकवलं. तीनदा ऐकल्यावर सहमती वाढली, पाचदा ऐकल्यावर ती घसरली. मन कंटाळलं आणि उलटे मुद्दे शोधू लागलं. दुसरा पुरावा आणखी कडक आहे. जोशुआ कॅला आणि डेव्हिड ब्रूकमन यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या ४९ क्षेत्रप्रयोगांचा, म्हणजे खऱ्या मतदारांवर प्रत्यक्ष करून पाहिलेल्या प्रयोगांचा, एकत्रित विचार केला. घरोघरी भेटी, पत्रं, फोन, जाहिराती यांनी मुख्य निवडणुकीत मतदाराची पसंती सरासरी किती बदलली? जवळजवळ शून्य. आपल्या बाजूचे लोक केंद्रापर्यंत आणायला प्रचार उपयोगी पडतो. दुखावलेल्याला वळवायला तो फार तोकडा आहे.

अमेरिकेत निदान खुर्चीचा, म्हणजे आधीच पदावर असण्याचा, फायदा तरी मिळतो. आपल्याकडे तोही भरवशाचा नाही. योगेश उप्पल यांनी २००९ मध्ये राज्यांच्या विधानसभांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती सुंदर आहे. अगदी थोडक्या मतांनी जिंकलेला आणि अगदी थोडक्या मतांनी हरलेला, यांच्यात गुणांचा फरक जवळपास नसतोच, निकाल नाणेफेकीसारखा असतो. मग पुढच्या निवडणुकीत या दोघांची तुलना करायची. जो फरक दिसेल तो खुर्चीचा. भारतात असा आमदार झालेला पुढच्या वेळी तोट्यात निघाला, आणि १९९१ नंतर हा तोटा आणखी वाढलेला दिसला.

तरीही मतदार आंधळेपणाने शिक्षा करतो असं नाही. शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर यांनी भारतातल्या पावसाचे आणि निवडणुकांचे आकडे एकत्र ठेवले. पाऊस बिघडला की सत्ताधाऱ्यांची मतं घटतात, जणू ढग त्यांनीच आणले. मात्र सरकारने मदतीला धाव घेतली, तर हा राग कमी होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, मुंबई बुडाली, आणि तरीही फेब्रुवारी २००७ मध्ये महापालिकेची सत्ता सेना-भाजपने राखली. दीड वर्ष मध्ये गेलं होतं, हेही धरायला हवं.

राहता राहिला अजिंक्यपणाचा देखावा. मोठ्या सभा, कटआउट, ‘येणार तर आम्हीच’. याचं गणित वेगळं आहे. नाराज माणूस एकटा असेपर्यंत मत बदलत नाही, कारण आपलं मत वाया जाईल असं त्याला वाटतं. इतरही नाराज आहेत हे त्याला कळलं, की देखावा एका रात्रीत पोकळ होतो. १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत काँग्रेसचे स. का. पाटील उभे होते. रेल्वेमंत्री, मुंबईचे अनभिषिक्त सम्राट म्हणून ओळखले जाणारे. त्यांच्याविरुद्धच्या प्रचारात भर होता तो एवढ्यावर, की तुम्ही पाटलांना हरवू शकता. हे वाक्य पाटलांबद्दल काहीच नवं सांगत नव्हतं. ते शेजारच्या मतदाराबद्दल सांगत होतं. पाटील हरले. जिंकलेले जॉर्ज फर्नांडिस तेव्हा ३६ वर्षांचे नगरसेवक होते.