प्रचारपट वेगळा, त्यातलं रणांगणाचं चित्रण वेगळं

मागच्या महिन्यात गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक कृष्णधवल तुकडा आला. खाली लिहिलेलं, 'आपल्या सोलापूरचे डॉ. कोटणीस चीनच्या आघाडीवर, खरं चित्रीकरण.' शेजारचे आप्पा मोबाईल घेऊन थेट घरी आले. "हे खरंय का रे?" तुकडा 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' या १९४६ च्या चित्रपटातला होता. पडद्यावरचे डॉक्टर म्हणजे व्ही. शांताराम. तो कथापट, त्यामुळे उत्तर सोपं होतं. आप्पांचा पुढचा प्रश्न मात्र नेमका होता. "मग सरकारं युद्धात माहितीपट काढायची, ते तरी खरे का?"

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. प्रचारपट हा युक्तिवाद असतो. लोकांच्या मनात काय उतरवायचं ते आधी ठरतं, मग दृश्यं जुळवली जातात. चित्रण ही नोंद असते, त्या क्षणी त्या जागी कॅमेऱ्यापुढे जे होतं त्याची. एक दुसऱ्याच्या पोटात असतं, म्हणून दोन्ही एकच वाटतात. माझ्या मते पारख पूर्ण पटाची नको, एकेका दृश्याची करावी. सोलापुरी चादर घेताना आपण ती उलटून बघतोच की. जॅकार्ड मागावर विणलेली नक्षी मागूनही दिसते, छापील असेल तर मागची बाजू फिकी निघते.

'द बॅटल ऑफ द सोम' हा पहिल्या महायुद्धातल्या, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईवरचा १९१६ चा ब्रिटिश पट उलटून बघा. लढाई अजून चालू होती तेव्हाच तो प्रदर्शित झाला, आणि पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं खपली. त्यातलं सगळ्यात गाजलेलं दृश्य म्हणजे खंदकातून वर चढणारे शिपाई. एक जण तिथेच घसरून खाली येतो. हे दृश्य बनवलेलं आहे, बहुधा आघाडीमागच्या प्रशिक्षण तळावर. शिपायांच्या पाठीवर हल्ल्याला निघालेल्या माणसाचं पुरतं ओझं नाही, आणि कॅमेरा अशा ठिकाणी उभा आहे जिथे खऱ्या हल्ल्यात माणूस टिकलाच नसता.

त्याच पटात हॉथॉर्न रिज या टेकडीखालचा सुरुंग आहे. १ जुलै १९१६, सकाळी ७ वाजून २० मिनिटं. सुमारे १८ टन स्फोटकांनी टेकडीच उचलली जाते. कॅमेरामन जेफ्री मॅलिन्स हाताने कॅमेरा फिरवत ते टिपत होता. हे शंभर टक्के खरं. त्या एका दिवसात ब्रिटिशांचे १९,२४० जण मेले, पण पटाचा सूर आगेकूच चालल्याचा आहे. सूर दिशाभूल करतो, तरी सुरुंगाचं दृश्य इतिहासकाराला सोन्यासारखं. २००५ मध्ये युनेस्कोने हा पट जागतिक स्मृती नोंदवहीत घेतला.

आप्पांना पटकन कळली ती कॅमेऱ्याची गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात आघाडीवर 'आयमो' नावाचा किल्लीचा कॅमेरा सर्रास असायचा. त्याचं १०० फुटांचं रीळ मिनिटभरात संपतं, आणि आवाज त्यात नोंदलाच जात नाही. म्हणजे दूरच्या डोंगरावर ज्वाळ दिसते त्याच क्षणी धडाका ऐकू आला, तर तो मागाहून चिकटवलेला. खरा आवाज उशिराने पोचतो. वीज आणि गडगडाट आपण बघतोच. एकच धाव शत्रूच्या बाजूनेही आणि आपल्या बाजूनेही, न थरथरता दिसली, तर ती पुन्हा करवून घेतलेली समजा.

थरथरीवरही भिस्त ठेवू नका. ४ जून १९४२ ला पॅसिफिकमधल्या मिडवे बेटावर हॉलिवूडचा दिग्दर्शक जॉन फोर्ड चित्रण करताना जखमी झाला, तिथे चौकट उडते ती खरोखरच्या बॉम्बने. जॉन ह्यूस्टनच्या 'सॅन पिएत्रो' या इटलीतल्या गावाच्या लढाईवरच्या पटातही चौकट हादरते, पण त्यातली बहुतेक लढाई गाव ताब्यात आल्यावर पुन्हा करवून घेतलेली. त्याच पटात गावात परतलेली माणसं, पोरंटोरं दिसतात. ते चेहरे कोणी बसवलेले नाहीत. मला तो पट त्या चेहऱ्यांसाठीच मोलाचा वाटतो.

आपल्याकडे १९४३ पासून 'इंडियन न्यूज परेड' ही सरकारी बातमीपटांची मालिका यायची. भारत संरक्षण नियमांखाली थिएटरवाल्यांना सरकारी पट दाखवणं सक्तीचं होतं. तिकीट सिनेमाचं काढायचं, आधी बघायचं युद्ध.

आणि कोटणीस? ते १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. त्याच वर्षी योरिस इवेन्स हा डच दिग्दर्शक चीनमध्ये 'द ४०० मिलियन' हा उघड बाजू घेणारा पट करत होता. जाताना त्याने आपला आयमो कॅमेरा येनान या चिनी कम्युनिस्टांच्या तळावरच्या लोकांना दिला. त्यावर वू यिन्शियान या चिनी कॅमेरामनने पुढे जे टिपलं, त्यात चीनमध्ये जखमींवर उपचार करणारे कॅनेडियन डॉ. नॉर्मन बेथ्यून आहेत. त्यांच्याच नावाच्या रुग्णालयाचे पुढे कोटणीस प्रमुख झाले. प्रचारासाठीच दिलेला कॅमेरा, पण त्यानेच टिपलं म्हणून ती माणसं आज हलताना दिसतात.

आप्पांनी शेवटी 'सोम'चा पट माझ्या मोबाईलवर लावला. खंदकातून एक शिपाई दुसऱ्याला पाठीवर घेऊन कॅमेऱ्याकडे बघत येतो. खालची पाटी सांगते, पाठीवरचा माणूस खंदकात पोचल्यावर ३० मिनिटांनी मेला. आप्पांनी तिथे थांबवलं, मागे नेलं, पुन्हा बघितलं. "ह्या उचलणाऱ्याचं नाव काय?" म्हणाले. अनेक घरांनी 'हा आमचाच' म्हणून दावे केलेत, पण ठाम ओळख आजवर पटलेली नाही.