मौनाच्या घरात आघातावरचे उपचार

कॅथलिक धर्मभगिनींच्या अनेक मठांत रात्रीची शेवटची प्रार्थना झाली की सकाळपर्यंत कोणी बोलत नाही. नॉव्हिस, म्हणजे व्रते घेण्यापूर्वी मठात राहून तयारी करणारी तरुणी, बहुधा काही आठवड्यांत या मौनाला सरावते. पण लहानपणी मारहाण किंवा लैंगिक अत्याचार सोसलेली एखादी नॉव्हिस चॅपेलमध्ये रोज दाराजवळचीच जागा धरते, डोळे मिटायला सांगितले की तिचे खांदे ताठ होतात आणि पाठीमागे पावले वाजली की तळहातांना घाम सुटतो. प्रशिक्षण देणाऱ्या वडीलधाऱ्या भगिनीला यात कधी श्रद्धेची उणीव दिसते, तर कधी नुसती चंचलता.

धोक्याची चाहूल घेऊन शरीराला सज्ज करण्यात मेंदूतल्या अमिग्डाला या बदामाएवढ्या भागाचा मोठा वाटा असतो. घटना कुठे आणि केव्हा घडली याची चौकट हिप्पोकॅम्पस पुरवतो, आणि आता तसे काही नाही हे ओळखून अमिग्डालाला आवरण्यात कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स भाग घेतो. आघातानंतरच्या ताणविकारात, म्हणजे पीटीएसडीत, हा समतोल बिघडतो. वास, आवाज, स्पर्श तीव्रपणे लक्षात राहतात, त्यांची स्थळकाळाची चौकट मात्र ढिली पडते, आणि वीस वर्षांपूर्वीचा प्रसंग या क्षणी घडत असल्यासारखा अंगावर येतो. अमेरिकेच्या मानसरोगांच्या वर्गीकरणात हा विकार १९८० साली आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणात त्याचा जटिल प्रकारही स्वतंत्रपणे नोंदला आहे. त्यात भावना आवरणे, स्वतःची किंमत वाटणे आणि माणसांशी नाते टिकवणे या तिन्ही गोष्टी अवघड होतात. पाचपन्नास वर्षे एकाच समूहात काढायची असतील, तर ही तीन लक्षणे दुःस्वप्नांपेक्षाही जास्त जाचत असावीत, असे मला वाटते.

जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचा पाय १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने मोडला आणि अंथरुणावरच्या त्या महिन्यांत त्याचे आयुष्य पालटले. त्याने बेतलेली तीस दिवसांची मौनसाधना जेझुइट नॉव्हिस आजही करतात, आणि तिची पद्धत अनेक महिला संस्थांनीही स्वीकारली आहे. शुभवर्तमानातला, म्हणजे बायबलमधल्या ख्रिस्तचरित्रातला, प्रसंग पंचेंद्रियांनी अनुभवायचा, त्या जागी आपण उभे आहोत असे मानून पाहायचे, ऐकायचे, हुंगायचे, ही या साधनेची एक मुख्य रीत आहे. तिच्या तिसऱ्या टप्प्यात ख्रिस्ताच्या यातनांचे चिंतन असते. ज्या मुलीने घरात पट्ट्याचे फटके खाल्ले आहेत, तिला ख्रिस्ताला बसलेल्या चाबकाच्या फटक्यांची कल्पना बंद खोलीत एकटीने, तासभर करायला सांगितली जाते, तेव्हा तिच्या मनात कोणाची पाठ उभी राहील हे मार्गदर्शकाला ठाऊक असायला हवे.

नवल असे की, उपचारसुद्धा नेमके याच कल्पनाशक्तीवर चालतात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या एक्सपोजर थेरपीत रुग्ण साधारण नव्वद मिनिटांच्या आठ ते पंधरा बैठकांत तो प्रसंग डोळे मिटून, वर्तमानकाळात, पुनःपुन्हा सांगतो. फरक आहे तो आखणीत. प्रसंग रुग्णाच्या संमतीने निवडलेला असतो, समोर प्रशिक्षित व्यक्ती बसलेली असते, थोड्या थोड्या वेळाने अस्वस्थता शंभरपैकी किती आहे ते विचारले जाते, आणि आठवण काढूनही काही अघटित घडत नाही हे मेंदूला हळूहळू शिकवले जाते. या बैठकीचे ध्वनिमुद्रण रुग्णाने घरी रोज ऐकायचे असते. आता अडचण पाहा: मोबाइल प्रशिक्षिकेकडे जमा, खोलीत दुसरी मुलगी आणि दिवस घंटेने बांधलेला. हा गृहपाठ कुठे आणि कधी करायचा, यावर उपचार पार पडणार की नाही हे पुष्कळदा ठरते.

वेळेचा हिशेबही कडक आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदेसंहितेनुसार नॉव्हिस म्हणून राहण्याचा काळ किमान बारा महिन्यांचा असतो. संस्थेने तो जास्त ठेवला तरी दोन वर्षांपलीकडे नेता येत नाही, आणि निर्णयाबाबत शंका राहिल्यास मुदतवाढ सहा महिन्यांपर्यंतच मिळते. एकूण तीन महिन्यांपेक्षा जास्त गैरहजेरी झाली तर सगळे वर्ष अवैध ठरते, त्यामुळे रुग्णालयात दीर्घकाळ राहण्याची गरज असलेल्या मुलीला ते आधीच उरकावे लागते. साध्या पीटीएसडीचे उपचार तीनचार महिन्यांत आटोपू शकतात. जटिल प्रकाराला मात्र अनेकदा त्याहून बराच जास्त वेळ लागतो. म्हणून उपचारांचा कठीण भाग नॉव्हिस होण्यापूर्वीच्या उमेदवारीच्या काळात घेणे मला शहाणपणाचे वाटते.

गुप्ततेबाबत हीच संहिता बरीच स्पष्ट आहे. प्रवेशापूर्वी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेता येते, पण व्यक्तीच्या खासगीपणाच्या हक्काला बाध न आणता. शिवाय वरिष्ठांनी कोणालाही आपले अंतरंग उघड करायला भाग पाडू नये, असे कलम ६३० सांगते. त्यामुळे उपचारतज्ज्ञाचे बिल मठ भरत असला, तरी बैठकीत काय बोलणे झाले ते प्रशिक्षिकेला कळवायचे की नाही, हे लेखी संमतीने आधी ठरवावे लागते.

आज्ञापालनाच्या व्रताचा प्रश्न याहून नाजूक आहे. मोठ्यांच्या मर्जीत राहूनच मार चुकवता येतो हे लहानपणी शिकलेली मुलगी नाही म्हणत नाही, तक्रार करत नाही, सांगितलेले काम आधी करून ठेवते, आणि वार्षिक अहवालात आदर्श नॉव्हिस ठरते. उपचार लागू पडू लागले की तीच मुलगी प्रश्न विचारू लागते, एखाद्या कामाला नकार देते, आणि प्रशिक्षिकेला वाटते की पोर बिघडली. स्वेच्छेने केलेले आज्ञापालन आणि भीतीने केलेले आज्ञापालन बाहेरून सारखेच दिसत असले, तरी गंभीर भीतीपोटी घेतलेली व्रते याच संहितेनुसार अवैध असतात.

काही जणी उपचारांनंतर व्रते घेतात. काहींना मात्र मठाची दारे आपल्याला आत घेणारी म्हणून भावली नव्हती, कोणाला तरी बाहेर ठेवणारी म्हणून भावली होती, हे उमगते; नॉव्हिसला केव्हाही मोकळेपणाने निघून जाण्याचा हक्क असतो, आणि त्या तो वापरतात. उपचारतज्ज्ञाच्या वहीत या दोन्ही प्रकारच्या मुलींची नोंद बरी झाली अशीच होते.