माँट्रियलचे अरोंदिसमाँ : शहरात मुरलेली जुनी शहरे

अरोंदिसमाँ म्हणजे कॅनडाच्या क्युबेक प्रांतातील मोठ्या शहराचा अंतर्गत विभाग. माँट्रियलमध्ये असे 19 विभाग आहेत. त्यांतले लाशीन, व्हेर्दं, लासाल, उत्रमाँ, सां-लोराँ, सां-लेओनार, आंजू आणि माँट्रियल-नॉर हे 2001 च्या अखेरपर्यंत स्वतंत्र शहरे होती. मराठीत ‘प्रभाग’ हा शब्द सुचतो, पण तो फसवा आहे. अरोंदिसमाँला निवडून आलेली परिषद आणि स्वतःचा अर्थसंकल्प असतो, शिवाय तो स्थानिक करही लावू शकतो. 18 ठिकाणी वेगळा महापौर निवडला जातो. मध्यवर्ती व्हिल-मारीचे महापौरपद मात्र साऱ्या शहराच्या महापौराकडेच असते.

गावे गिळण्याची माँट्रियलची सवय जुनी आहे. 1883 मध्ये ओशलागा, 1905 मध्ये सां-आँरी आणि 1910 मध्ये नोत्र-दाम-द-ग्रास शहरात आले. बहुतेकांचे कारण एकच, पैसा. सर्वांत बोलके उदाहरण मेझोन्नवचे. या कारखानदारी गावाने आदर्श नगर व्हायच्या हौसेने भव्य टाउन हॉल, घुमटाचा बाजार आणि सार्वजनिक स्नानगृह बांधले, कर्जात बुडाले आणि 1918 मध्ये माँट्रियलच्या पदरात पडले. इमारती आजही दिमाखात उभ्या आहेत.

2002 चे विलीनीकरण मात्र वरून लादलेले होते. ‘एक बेट, एक शहर’ ही घोषणा घेऊन प्रांत सरकारने डिसेंबर 2000 मध्ये कायदा केला आणि 1 जानेवारी 2002 रोजी माँट्रियल ज्या बेटावर वसले आहे, त्यावरील सर्व 28 नगरपालिकांचे एकच शहर झाले. सुरुवातीला अरोंदिसमाँ 27 होते. इंग्रजीभाषक उपनगरांत विरोध तीव्र होता. 2003 मध्ये सत्तापालट झाल्यावर नव्या सरकारने बाहेर पडण्याची वाट उघडली, पण ती अरुंद ठेवली. आधी 10 टक्के मतदारांनी नोंदवहीत सह्या करायच्या, मग सार्वमत. तिथे ‘होय’ला बहुमत तर हवेच, शिवाय ती मते एकूण नोंदलेल्या मतदारांच्या किमान 35 टक्के हवीत.

ही दुसरी अटच घातक ठरली. समजा, गावात 10,000 मतदार आहेत. 3,400 जण ‘होय’ म्हणाले आणि 1,000 ‘नाही’, तरी प्रस्ताव पडतो, कारण 3,500 चा आकडा गाठलेला नाही. म्हणजे घरी बसलेला मतदार ‘नाही’च्याच पारड्यात. 20 जून 2004 च्या सार्वमतात सां-लोराँचे असेच झाले : बहुमत बाहेर पडण्याच्या बाजूने, पण गाव आतच राहिले. वेस्टमाउंट, कोत-सां-ल्यूक, पॉइंट-क्लेअर यांच्यासह 15 शहरे 1 जानेवारी 2006 रोजी पुन्हा स्वतंत्र झाली. हे स्वातंत्र्य अर्धेच. पोलीस, अग्निशमन, पाणी आणि बससेवा संपूर्ण बेटासाठी एकत्र चालतात आणि या शहरांना त्यांचा वाटा भरावा लागतो.

अरोंदिसमाँकडे काय उरते? भू-वापराचे नियम, बांधकाम परवाने, गल्लीबोळ, बागा, ग्रंथालये, फुटपाथवरचा बर्फ. वाचायला किरकोळ वाटते, पण रोजचे जगणे यातच असते. घराची खिडकी बदलायला परवाना लागतो की नाही, हेही अरोंदिसमाँनुसार ठरते. उत्रमाँने 2016 मध्ये बेर्नार मार्गावर नवी प्रार्थनास्थळे उघडण्यास बंदी केली आणि स्थानिक सार्वमताने ती उचलून धरली. शहराच्या इतर भागांचा त्यात काही संबंध नव्हता.

सीमेवर गंमत होते. हचिसन रस्त्याची एक बाजू उत्रमाँत, समोरची प्लातो-माँ-रॉयालमध्ये. पार्किंगचा फलक वाचताना आपण कोणत्या बाजूला उभे आहोत हे आधी पाहावे, नाहीतर दंड ठरलेला. बर्फ ट्रकमध्ये भरून कधी न्यायचा, हेही पूर्वी प्रत्येक अरोंदिसमाँ आपापले ठरवी. त्यामुळे सीमेच्या अलीकडे रस्ता मोकळा आणि पलीकडे ढिगारे, असे दृश्य दिसे. 2015 पासून हा निर्णय मध्यवर्ती पातळीवर होतो.

विलीनीकरणाने जुने नियम आपोआप पुसले जात नाहीत. नवी परिषद बदलेपर्यंत जुन्या शहराचे नियम त्या हद्दीत चालूच राहतात. व्हेर्दंमध्ये बारवरची जुनी बंदी विलीनीकरणानंतरही अनेक वर्षे टिकली होती.

पत्त्यांचा गोंधळही याच वारशातला. रोझमाँ, लाशीन आणि लासाल या तिन्ही ठिकाणी आकड्यांचे मार्ग आहेत. त्यामुळे ‘10वा मार्ग, माँट्रियल’ एवढेच सांगितले, तर टॅक्सी बेटाच्या भलत्याच टोकाला जाऊ शकते. पत्त्यात पोस्टल कोड हवाच, आणि तोंडी सांगताना जुन्या गावाचे नाव घ्यावे. तिथले लोकही तसेच करतात : ‘मी लाशीनची’ असे म्हणतात, अरोंदिसमाँ हा शब्द कर भरतानाच आठवतो.