आर्थिक घटनावाद

सरकारने कर्ज किती काढायचं, व्याजदर कोणी ठरवायचा, कुठली सेवा खासगी हातात द्यायची, हे प्रश्न मतपेटीतून उचलून घटनेत, कायद्यात नाहीतर लांब मुदतीच्या करारात नेऊन ठेवायचे, याला आर्थिक घटनावाद म्हणतात. नवउदारमतवादी, म्हणजे बाजार मोकळा ठेवा आणि सरकारचा हात आखडता ठेवा म्हणणारे, सांगतात, निवडणूक आली की नेते खिरापत वाटतात, म्हणून त्यांचे हात आधीच बांधा. अर्थतज्ज्ञ हायेकने याची वैचारिक बाजू मांडली, युरोपात १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने सरकारी तुटीला जीडीपीच्या ३ टक्क्यांची मर्यादा घातली, आपल्याकडचा २००३ चा एफआरबीएम कायदा, म्हणजे सरकारी तुटीला लगाम घालणारा कायदा, त्याच वाटेवरचा. आक्षेप सरळ आहे, सरकार बदलूनही धोरण बदलत नसेल तर मत कशाला दिलं?

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पुस्तकांचे स्टॉल लागतात, तिथं बाबासाहेबांचं १९४७ चं ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ घ्या आणि वाचा. मूळ उद्योग, विमा, शेतजमीन सरकारच्या ताब्यात हवी आणि ते घटनेतच लिहा, म्हणजे उद्याच्या बहुमताला मोडता येणार नाही, असं ते त्याच्यात सांगतात. पण १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत सदस्य के. टी. शहांनी घटनेत ‘समाजवादी’ शब्द टाकायची दुरुस्ती आणली तर भाषण करून विरोध बाबासाहेबांनीच केला, त्यांचं म्हणणं, अर्थव्यवस्था कशी असावी हे लोकांनी काळ पाहून ठरवावं, आपण आजच बांधून टाकलं तर त्यांचं स्वातंत्र्य जातं, आणि मार्गदर्शक तत्त्वांत, म्हणजे सरकारने कुठल्या दिशेने जावं हे सांगणाऱ्या घटनेतल्या कलमांत, ती दिशा आलेलीच आहे. लोक याला घूमजाव म्हणतात, मला ते पटत नाही, दोन्हीकडे काळजी एकच की गरिबाच्या हातून निर्णय निसटू नये. ५ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने सगळीच खासगी मालमत्ता कलम ३९(ब) मधल्या, म्हणजे सर्वांच्या हितासाठी वाटायच्या ‘समाजाच्या भौतिक साधनसंपत्ती’त मोडत नाही असं बहुमताने ठरवलं, तेव्हा बाबासाहेबांच्या याच भाषणाचा आधार घेतला.

आता आपल्या नळाचं पाहा. नागपूरचा पाणीपुरवठा २०१२ पासून २५ वर्षांच्या करारावर खासगी ऑपरेटर चालवून राहिला, म्हणजे महापालिकेच्या पाच टर्म, आज मतदान करणाऱ्या कित्येक पोरांचा तेव्हा शाळेत दाखलाही झाला नव्हता. दरवर्षी ५ टक्के दरवाढीची तरतूद उपविधीतच, म्हणजे महापालिकेच्या नियमांतच आहे, त्यासाठी सभागृहात नव्याने हात वर करावा लागत नाही. आणि बिल घेऊन नगरसेवकाकडे जावं, तर मार्च २०२२ ला मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं शहरात नगरसेवकच नव्हते, प्रशासक होते.