मॉडबस आरटीयू (आरएस-४८५ वरील जोडणी)

मॉडबस आरटीयू : अनेक संवेदक (सेन्सर) तारांच्या एकाच जोडीवर जोडून, प्रत्येकाला वेगळा पत्ता देऊन, एका नियंत्रकाकरवी आळीपाळीने वाचण्याची औद्योगिक पद्धती. मॉडिकॉन कंपनीने ती आपल्या पीएलसींसाठी (कारखान्यातील यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमेबल नियंत्रकांसाठी) आणली. साल सर्वसाधारणपणे १९७९ मानतात. आरएस-४८५ हे विद्युत् मानक १९८३ चे, म्हणजे नंतरचे. दोन्ही नावे एकाच अर्थाने वापरण्याचा प्रघात म्हणूनच सोडायला हवा : संदेशाची भाषा मॉडबसची, तारेवरचा विद्युत् दाब (व्होल्टेज) आरएस-४८५ चा.

पीळ दिलेली केबल एका संवेदकाकडून पुढच्याकडे ओळीने न्यावी. लांब फाटे काढू नयेत. केबलच्या दोन टोकांनाच १२० ओहमचे रोधक (रेझिस्टर) लावतात, मधल्या संवेदकांना नाही. कमी वेगाला सुमारे १,२०० मी. अंतर चालते. मानकात ३२ एकक-भारांची (एकक-भार म्हणजे एका उपकरणाचा तारेवरचा प्रमाण भार) मर्यादा आहे. एक-अष्टमांश भाराच्या चिपांमुळे ती २५६ उपकरणांपर्यंत जाते. ‘दोन तारांची जोडणी’ या नावावर विसंबून तिसरी, सामाईक तार गाळणे धोक्याचे, कारण ग्राही (संदेश घेणारी चिप) उणे ७ ते अधिक १२ व्होल्टपर्यंतचाच सामाईक दाब, म्हणजे दोन्ही तारांवर सारखाच येणारा दाब, सोसतो.

जोडीतील दोन तारांच्या ‘ए’ आणि ‘बी’ या खुणांचा घोळ जुना आहे. मानकानुसार द्विमान १ (बिट १) असताना ‘ए’ हे टोक ‘बी’च्या तुलनेत ऋण असते, अनेक चिप-उत्पादकांनी मात्र ग्राहीच्या धन टोकालाच ‘ए’ म्हटले. त्यामुळे दोन कंपन्यांच्या संवेदकांत ‘ए’ला ‘ए’ जोडूनही जाळे मुके राहू शकते. मॉडबसच्या दस्तऐवजातील डी० व डी१ ही नावे अधिक निःसंदिग्ध वाटतात : १ असताना डी१ चा दाब जास्त. बायस रोधक (कोणी बोलत नसताना तारा १ च्या स्थितीत धरून ठेवणारे रोधक) लावलेले जाळे शांत असताना मल्टीमीटरचा लाल प्रोब ज्या तारेवर ठेवल्यास धन आकडा येतो, ती डी१. या दोन तारा उलटल्या तरी संवेदक जळत नाही, फक्त उत्तर येत नाही.

पत्ते १ ते २४७. ० हा सर्वांना एकदम उद्देशून, त्याला कोणी उत्तर देत नाही. ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी या संदेशात पहिला बाइट पत्ता, दुसरा ‘रजिस्टर (संवेदकातील मूल्य साठवण्याचा कप्पा) वाच’ ही आज्ञा, मग सुरुवात व संख्या, शेवटी तपासणीचे दोन बाइट. रजिस्टरांची सुरुवात येथे ० पासून होते. पुस्तिकेतले ४०००१ म्हणजे तारेवरचे ० हे ध्यानी न घेतल्यास शेजारचेच मूल्य वाचले जाते. नवे संवेदक बहुधा पत्ता १ घेऊनच येतात. ते सगळे एकदम जोडले तर एका हाकेला सारेच ओ देतात आणि उत्तरे एकमेकांत मिसळतात. म्हणून एकेक संवेदक सुटा जोडून पत्ता बदलावा, बॉड (संदेशाचा वेग) व पॅरिटी (चूक पकडणारा जादा बिट) जुळवावी आणि मगच तो ओळीत घ्यावा.

मास्टर (विचारणारा नियंत्रक)–स्लेव्ह (उत्तर देणारे उपकरण) या संज्ञांच्या जागी मॉडबस ऑर्गनायझेशनने २०२० मध्ये क्लायंट–सर्व्हर स्वीकारल्या; जुन्या पुस्तिकांत पहिल्याच आढळतात.